एका गिनीचं काळं कुत्रं

गुरांचा एक व्यापारी, त्याच्या हातातल्या दोरीला बांधलेलं एक मरतुकडं कुत्रं आणि त्या कुत्र्याकडे टक लावून पाहणारा एक तरुण मेंढपाळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या डोंगराळ मुलखात हा सौदा झाला. कुत्रं अंगभर काळं होतं, तोंडावर गर्द तपकिरी पट्टे. पोट खपाटीला गेलेलं, नजर घुमी आणि वय जेमतेम वर्षाचं. व्यापाऱ्याने ते वाटेत एका पोराकडून तीन शिलिंगांना घेतलं होतं. मेंढपाळाने त्याची एक गिनी मोजली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तीनचे एकवीस झाले, व्यापारी खुशीत निघून गेला. आणि ज्या कुत्र्यासाठी एवढे पैसे मोजले त्याने जन्मात कधी एक मेंढी वळवली नव्हती.

त्या मेंढपाळाचं नाव जेम्स हॉग. पुढे तो कवी आणि कादंबरीकार म्हणून नावारूपाला आला, वॉल्टर स्कॉटचा मित्र झाला, ‘एट्रिकचा मेंढपाळ’ या नावाने सगळा इंग्लंड-स्कॉटलंड त्याला ओळखू लागला. पण आयुष्यभरात आपण खर्च केलेल्या पैशांपैकी ती एक गिनी सर्वांत चांगली लागली, असं तो उतारवयातही सांगत असे. माझी सारी नोकरी बँकेत गेली. माणसं पैसे कशावर घालतात आणि नंतर त्याबद्दल काय सांगतात, हे मी उणीपुरी पस्तीस वर्षं ऐकत आलो. त्यामुळे हॉगचं हे वाक्य वाचलं तेव्हा मी थबकलो. कारण या माणसाचे बाकीचे बहुतेक व्यवहार बुडाले होते.

हॉगचा बाप्तिस्मा ९ डिसेंबर १७७० रोजी एट्रिकच्या चर्चमध्ये झाला. आपला जन्म २५ जानेवारी १७७२ चा, असं तो स्वतः मात्र सांगायचा. २५ जानेवारी ही रॉबर्ट बर्न्सची जन्मतारीख. स्कॉटलंडच्या त्या लाडक्या कवीशी निदान तारखेने तरी नातं जुळावं, ही हौस त्यामागे होती. बाप मेंढ्यांचा व्यवहार करायचा. जेम्स सहा-सात वर्षांचा असताना तो व्यवहार बसला, घरातली चीजवस्तू विकली गेली आणि पोराची शाळा सुटली. शाळा कसली, सगळे मिळून सहा-सात महिने. सातव्या वर्षी पोरगं दुसऱ्याच्या गाई राखायला गेलं. सहामाही पगार एक कोकरू आणि बुटांचा एक जोड.

घरात पुस्तकं नव्हती; पण आई होती. मार्गारेट लेडलॉ हे तिचं माहेरचं नाव. सीमेवरच्या लढायांचे, पळवापळवीचे, भुताखेतांचे शेकडो पोवाडे तिला तोंडपाठ. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या आठवाव्यात, तशी ही बाई. पुढे १८०२ साली वॉल्टर स्कॉट हे पोवाडे जमवत तिच्या दारी आला, तेव्हा तिने म्हणूनही दाखवले आणि त्याला फैलावरही घेतलं. ही गाणी गायची असतात, वाचायची नव्हेत. छापून तुम्ही ती बिघडवलीत, असं तिचं म्हणणं. अशा आईच्या पोराने विशीच्या आसपास स्वतःचा स्वतः लिहायला शिकायचं ठरवलं. डोंगराच्या उतारावर मेंढ्या चरत, हा कागद घेऊन पालथा पडलेला. दौत नव्हती म्हणून शाईची छोटी कुपी बंडीच्या भोकात अडकवलेली. एकेक अक्षर छापील पुस्तकात बघून काढायचं. आणि या सगळ्या काळात मेंढ्यांवर लक्ष कोणाचं? कुत्र्याचं.

त्या काळ्या कुत्र्याचं नाव त्याने ‘सिरा’ ठेवलं. जुन्या इंग्रजीत हा शब्द नोकराचाकराला हाक मारताना वापरत; आपल्याकडच्या ‘काय रे ए’सारखा. सिरा काही गोड कुत्रं नव्हतं. लाडीगोडी त्याला खपत नसे, अंगावरून हात फिरवला तर दूर सरायचा. पण मेंढ्या वळवणं हे आपलं काम आहे आणि त्याने धन्याला बरं वाटतं, हे उमगल्या दिवसापासून त्याने शिकण्याचा ध्यासच घेतला. हॉगने हे शिक्षण फार बारकाईने पाहून ठेवलं आहे. धन्याला काय हवं आहे हे कळेपर्यंत सिरा एकेक रीत करून बघायचा. ही नाही, तर ती. ती नाही, तर आणखी तिसरी. एकदा का बरोबर रीत सापडली की ती पुन्हा कधी विसरला नाही, की तिच्यात गफलत केली नाही.

मेंढ्यांचं कुत्रं तयार करण्याचं काम त्या मुलखात आजही बरंचसं असंच चालतं. आठ आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडतात. पहिले काही महिने त्याला फक्त तीन गोष्टी यायला हव्यात : आपलं नाव, हाकेला परत येणं आणि सांगितल्याबरोबर जागच्या जागी बसणं. या वयात त्याला मेंढ्यांत एकटं सोडत नाहीत. एखादी तापट मेंढी उलटून अंगावर आली तर पिल्लू कायमचं बुजतं. आणि मेंढ्या घाबरून धावू लागल्या तर पाठलागाची चटक लागते, ती मग सुटत नाही. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीतरी पिल्लाच्या नजरेत फरक पडतो. मेंढ्या दिसल्या की ते मान खाली घालतं, दबकतं, डोळे रोखतं. मग शांत स्वभावाच्या चार-सहा मेंढ्या छोट्या कुरणात घेऊन खरी शाळा सुरू होते.

शिकवणाऱ्याचं काम तसं पाहिलं तर थोडंच. मेंढ्यांना लांबून वळसा घालून पलीकडे जायचं आणि त्यांना माणसाकडे आणायचं, हे या जातीच्या रक्तातच असतं. लांडगे कळपाने शिकार करताना सावजाला असंच घेरतात. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यातला शेवटचा घास तेवढा काढून टाकला. घेरणं ठेवलं, फाडणं घालवलं. शिकवायचं ते एवढंच, की एका शब्दाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळायचं, दुसऱ्याला उलट, आणि तिसऱ्याला थांबायचं. यातला थांबण्याचा धडा सर्वांत अवघड. तापलेल्या जवान कुत्र्याला धावू नकोस म्हणून पटवणं, याला मारझोड उपयोगी पडत नाही. मार खाल्लेलं कुत्रं काम करील. पण डोंगरापलीकडे, धनी दिसेनासा झाला की, ते स्वतःच्या डोक्याने काही करणार नाही. आणि डोंगरी मुलखात खरं काम असतं ते नेमकं डोंगरापलीकडे.

सिराची परीक्षा अशीच एका रात्री झाली. कोकरं आयांपासून तोडण्याचे दिवस होते. सुमारे सातशे कोकरं हॉगच्या आणि एका हाताखालच्या पोराच्या ताब्यात होती. मध्यरात्री ती बिथरली आणि तीन टोळ्या होऊन तीन दिशांना डोंगरात पसार झाली. काळोख इतका, की काळा सिरा कुठे उभा आहे तेही दिसेना. हॉगने कोकरं गेल्याचं तोंडाने सांगितलं, तेवढंच. सिरा काळोखात नाहीसा झाला. हॉग आणि ते पोर रात्रभर मैलोगणती टेकड्या तुडवत राहिले. ना कोकरू दिसलं, ना कुत्रं. उजाडल्यावर दोघांनी ठरवलं, की आता मालकापुढे जाऊन सगळा कळप गमावला हे सांगण्यावाचून गत्यंतर नाही. परतीच्या वाटेवर एका खोल घळीच्या तळाशी त्यांना कोकरांचा जमाव दिसला आणि त्यांच्यापुढे मदतीची वाट पाहत उभा असलेला सिरा. तीनपैकी एक टोळी तरी सापडली, असं त्यांना वाटलं. जवळ जाऊन बघतात तर सातशेच्या सातशे. एक कोकरू कमी नव्हतं. मध्यरात्रीपासून सूर्य उगवेपर्यंत हा सगळा कारभार एकट्या कुत्र्याने केला होता. तो कसा केला, हे हॉगला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

हॉग हा गोष्टीवेल्हाळ माणूस. तेव्हा यात तिखटमीठ किती, असा प्रश्न कोणी विचारील. मीही कादंबऱ्या लिहितो, तेव्हा असा संशय मला आधी येतो. पण मला ही गोष्ट पटते ती एका तपशिलामुळे : मालकासमोर जाऊन काय सांगायचं, या धास्तीने. दुसऱ्याचा कळप सांभाळणाऱ्या गरीब माणसाला एका रात्रीत आपली नोकरी आणि अब्रू दोन्ही जाताना दिसली. ती धास्ती अनुभवल्याशिवाय लिहिता येत नाही.

त्याने सांगितलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक हलवून गेली. ओळखीतल्या एका मेंढपाळाची गाभण कुत्री मेंढ्या घेऊन एकटी घरी निघाली. धनी दुसऱ्या वाटेने गेला होता. घरी पोचून तो वाट पाहत बसला. फार उशिराने मेंढ्या आल्या, सगळ्या. मागे कुत्री, आणि तिच्या तोंडात एक नवजात पिल्लू. डोंगरातच ती व्याली होती. मेंढ्या ताब्यात दिल्याबरोबर ती उलट पावली गेली, दुसरं पिल्लू घेऊन आली, पुन्हा गेली. असं करत तिने सगळी वीण घरी आणली. शेवटचं पिल्लू मात्र तोवर मेलं होतं. हॉग या गोष्टीला तात्पर्य जोडत नाही, आणि मीही जोडणार नाही.

त्याने एक हिशेब मात्र मांडला आहे, आणि तो एखाद्या निष्णात बँकरला शोभेल. कुत्रं नसेल तर स्कॉटलंडची सगळी डोंगरी जमीन कवडीमोलाची आहे, असं तो म्हणतो. मेंढ्या डोंगरावरून गोळा करायच्या, कोंडायच्या, बाजाराला न्यायच्या, यासाठी माणसं लावली तर त्यांचा खर्च कळपाच्या सगळ्या नफ्यातून निघणार नाही. म्हणजे मेंढपाळाच्या घरची भाकरी कमावतं कुत्रं. आणि त्या भाकरीतला सर्वांत लहान तुकडा त्याच्या वाट्याला येतो.

ऐंशीच्या दशकात मी माण-खटाव भागात एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मेंढ्यांसाठी कर्जं दिली जात. आम्ही धनगरांच्या वाड्यावर तपासणीला जायचो. मेंढ्या मोजायच्या, कानातले विम्याचे बिल्ले पाहायचे, नोंद करायची. वाघुराच्या जाळीबाहेर कुत्री बसलेली असत. आपल्याकडचं कुत्रं मेंढरं वळवत नाही. ते काम माणसं, पोरं आणि शीळ करते. आपल्या कुत्र्याचं काम रात्रीचं, कारण माळावर लांडगा आहे. हॉगच्या जन्माआधीच स्कॉटलंडातले लांडगे संपले होते, म्हणून तिथलं कुत्रं राखणदाराचं गडी झालं. काम वेगळं, पण वाड्यावरचं स्थान तेच. आमच्या तारणाच्या कागदावर मेंढ्या असत, मेंढा असे, वाघूर असे. कुत्र्याला रकाना नव्हता. एका म्हाताऱ्या धनगराने मला विचारलं होतं, की साहेब, हे राखतंय म्हणून तुमची मेंढरं जिवंत हायेत, मग ह्याचं नाव का न्हाई? मी त्याला नियम सांगितला. नियम बरोबरच होता.

हॉगच्या मुलखात लांडगा नसला तरी बर्फ होतं. २४ जानेवारी १७९४ च्या रात्री दक्षिण स्कॉटलंडवर जे वादळ आलं, ते पुढे कित्येक पिढ्या लोकांच्या तोंडी राहिलं. हॉग तेव्हा यॅरोच्या खोऱ्यातल्या ब्लॅकहाउसच्या शेतावर, लेडलॉ कुटुंबाकडे मेंढपाळ होता. त्या संध्याकाळी तरुण मेंढपाळांच्या एका वाचन-मंडळाची बैठक डोंगरातल्या एका झोपडीत ठरली होती. हॉग स्वतःचा निबंध खिशात घालून निघालाही होता. हवेचा रंग बघून परत फिरला. रात्रीत मेंढ्यांचे कळपच्या कळप गाडले गेले. सतरा मेंढपाळ गेले. बर्फाखाली मेंढी कुठे आहे हे हुंगून, तिथे पंजाने उकरून दाखवणारी कुत्री त्या दिवसांत सोन्याच्या मोलाची ठरली. पूर ओसरल्यावर एस्क नदीच्या मुखाशी वाळवंटात जे वाहून आलं त्याची मोजदाद हॉगने देऊन ठेवली आहे : १८४० मेंढ्या, ९ गुरं, ३ घोडे, २ पुरुष, १ स्त्री, १८० ससे आणि ४५ कुत्री. त्या ४५ कुत्र्यांची गणती कोणीतरी केली, आणि हॉगने ती टिपून ठेवली, याचं मला अप्रूप वाटतं. गावकऱ्यांनी मात्र वादळाचं खापर त्या वाचन-मंडळावर फोडलं. पोरांनी रात्री जमून सैतानाला बोलावलं, असा बोभाटा झाला!

सिराच्या मागून हेक्टर आला, त्याचाच मुलगा. कामात बापाची सर नाही, पण भारी विक्षिप्त आणि गमत्या. घरातल्या मांजरीवर त्याचा डोळा. संध्याकाळभर तिच्यावर नजर रोखून बसायचा, स्पर्श मात्र करायचा नाही. चर्चमध्ये हॉगवर प्रार्थनागीत सुरू करून देण्याची पाळी आली आणि हेक्टर आत शिरलेला असला, की तोही वर तोंड करून सूर लावायचा. एकदा हॉग आईला म्हणाला, की उद्या पंधरा दिवसांसाठी बोअरहोपला जातो. हेक्टरला नेत नाही, तिथल्या कुत्र्यांशी भांडतो. सकाळी हेक्टर गायब. यॅरो नदीला पूर आलेला. हॉग वळसा घालून, सेंट मेरीज तळ्यावरून होडीने बोअरहोपला पोचला, तर हेक्टर घराजवळच्या उंचवट्यावर भिजल्या कोंबडीसारखा बसून वाट पाहतो आहे. पूर पोहून तो आधीच पोचला होता.

आता हॉगच्या पैशांकडे वळू. १८०४ च्या सुमारास हॅरिस बेटावर मेंढ्यांचं शेत घ्यायचा बेत फसला आणि गाठीचे पैसे गेले. १८०७ साली त्याची दोन पुस्तकं आली. एक पोवाड्यांचं, दुसरं मेंढ्यांचे रोग आणि त्यांची निगा यांवरचं. दोन्ही मिळून सुमारे ३०० पौंड हाती आले. मेंढपाळाला ही रक्कम डोळे फिरवणारी. त्याने एकाच वेळी दोन शेतं खंडाने घेतली, आवाक्याबाहेरची, आणि दोनेक वर्षांत साफ बुडाला. अशी प्रकरणं मी टेबलापलीकडून खूप पाहिली आहेत. पहिलं यश हाती आलं, की माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट उडी मारतो. मेंढ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिणारा, कुत्र्याच्या नजरेवरून त्याची अक्कल ओळखणारा हा माणूस खंडाच्या करारापुढे मात्र भाबडा होता.

१८१० साली, चाळिशी गाठताना, तो एडिंबरोला आला. ‘द स्पाय’ नावाचं साप्ताहिक वर्षभर चालवून बंद केलं. १८१३ च्या ‘द क्वीन्स वेक’ या काव्याने त्याला नाव मिळालं. शहरातल्या विद्वानांनी त्याला जवळ केलं आणि थट्टेचा विषयही केलं. ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात ‘मेंढपाळ’ नावाचं एक पात्र वर्षानुवर्षं गाजत राहिलं. खाणारं-पिणारं, गावरान बोलणारं, अधूनमधून शहाणपण सांगणारं. ते लिहीत दुसरेच, पण लोक समजत की हाच हॉग. खऱ्या हॉगने १८२४ साली एक कादंबरी निनावी छापली : आपण ईश्वराचे निवडलेले आहोत, तेव्हा आपल्याला पाप लागत नाही, अशा समजुतीने खुनापर्यंत जाणाऱ्या एका तरुणाची. तेव्हा ती कोणी फारशी वाचली नाही. १९४७ साली फ्रेंच लेखक आंद्रे जीद याने प्रस्तावना लिहून ती पुन्हा पुढे आणली. आज ती इंग्रजीतल्या थोर कादंबऱ्यांत गणली जाते. हॉगच्या आजोळच्या लेडलॉ घराण्यातलीच एक शाखा कॅनडाला गेली आणि तिच्यात २०१३ ची नोबेलविजेती कथाकार ॲलिस मन्रो जन्मली, हेही इथे सांगायला हवं. त्या म्हातारीचे पोवाडे फार लांबवर पोचले.

१८१५ साली बक्लूच्या ड्यूकने त्याला यॅरोच्या खोऱ्यात ऑल्ट्रिव्ह इथे एक लहानसं शेत बिनखंडाने दिलं. १८२० साली, पन्नाशीत, त्याने मार्गारेट फिलिप्सशी लग्न केलं. सुखाने राहायचं, तर शेजारचं माउंट बेंगरचं मोठं शेत नऊ वर्षांच्या कराराने घेतलं आणि पुन्हा बुडाला. बायको, एक मुलगा, चार मुली आणि कर्ज. तरी दारातलं पाहुण्यांचं ताट कधी थांबलं नाही.

या माणसाच्या हिशेबी बुद्धीविषयी माझं मत एव्हाना वाचकांच्या ध्यानात आलं असेल. तरी त्याच्या १८०७ च्या पुस्तकातली एक कविता मला हे मत पुन्हा तपासायला लावते. ती म्हाताऱ्या हेक्टरला उद्देशून आहे. कवीचे स्वतःचे दिवस वाईट आहेत, आणि कुत्रं उदास बसलं आहे. डोकं पिकलं म्हणून आपल्याला हाकलून देतील, असं त्याला वाटतं की काय, असं हॉग त्याला विचारतो. आणि सांगतो, की चुलीवर शेवटची भाकरी असली तरी तिच्यात तुझा वाटा आहे, मला छप्पर आहे तोवर तुलाही आहे. काम थकलेल्या जनावराचं काय करायचं, हा शेतकऱ्याच्या घरातला सर्वांत अवघड प्रश्न. आपल्याकडे म्हातारा बैल बाजारात नेताना घरातली बाई आत जाऊन बसते, दाराशी येत नाही. प्रत्येकाला हॉगसारखं वचन परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून कोणाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. हॉगलाही ते परवडत नव्हतं. त्याने दिलं.

२१ नोव्हेंबर १८३५ रोजी ऑल्ट्रिव्हला हॉग वारला. एट्रिकच्या चर्चच्या आवारात, जन्मला तिथून हाकेच्या अंतरावर, त्याला पुरलं. वर्ड्‌स्वर्थने त्याच्या मृत्यूवर कविता लिहिली. १८६० साली सेंट मेरीज तळ्याच्या काठी त्याचा दगडी पुतळा उभारला गेला. पुतळ्यात तो बसलेला आहे, आणि शेजारी हेक्टर आहे.

त्या सीमेवरच्या मुलखातली कुत्री पुढे बॉर्डर कॉली या नावाने जगभर गेली. १८७३ साली वेल्समध्ये बाला इथे मेंढ्या वळवण्याची जाहीर शर्यत झाली, ती जिंकली एका स्कॉटिश माणसाच्या कुत्र्याने. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ‘हेम्प’ नावाच्या शांत, डोळ्यांनीच काम करणाऱ्या कुत्र्यापासून आजच्या बहुतेक कॉलींचा वंश सांगतात. १९०६ साली या कुत्र्यांसाठी संस्था निघाली, वंशावळीच्या वह्या झाल्या. आता चांगल्या तयार कुत्र्याला हजारो पौंड पडतात, त्याचा विमाही उतरवता येतो. म्हणजे रकाना झाला म्हणायचा. सिरा कुठल्या वहीत नाही. त्याचा बाप कोण, आई कोण, कुणालाच माहीत नाही. वर्षभराचं एक उपाशी काळं पोर दोरीला बांधून चाललं होतं, आणि रस्त्यात एका मेंढपाळाला त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं, एवढंच आपल्या हाती आहे.